तुकईथडची केळी आणि डिझेलचा भार

तुकईथड हे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानावर गेले असेल. मध्य प्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला जवळजवळ टेकून असलेले हे गाव. तुकाई ही आपल्याकडची देवी आणि थड म्हणजे नदीचा काठ. त्यामुळे नाव ऐकले की ते परप्रांतातले वाटत नाही. वस्ती कोरकूंची, मराठी व निमाडी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची. जमिनीत कापूस, सोयाबीन, मका; आणि तापीच्या खोऱ्यात जेथे पाण्याची सोय आहे तेथे केळी. बऱ्हाणपूरची केळी आज देशभर प्रसिद्ध आहेत आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' या सरकारी योजनेत त्या जिल्ह्याच्या नावापुढे केळीच लिहिलेली आहेत. मात्र ती केळी दिल्ली, पंजाब वा उत्तर प्रदेशातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतात ती मालमोटारीच्या पाठीवरून, आणि मालमोटार चालते ती डिझेलवर. विजेवर चालणाऱ्या मालमोटारींची जी चर्चा गेली दोन-तीन वर्षे दिल्लीत व मुंबईत रंगली आहे, तिची कसोटी आमच्या मते तुकईथडसारख्या ठिकाणी लागावयाची आहे.

समुद्रकाठी बसून आम्ही तापीकाठची उठाठेव का करतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल. आपली भाजी बेळगावहून घाट उतरून येते, कांदा-बटाटा देशावरून येतो. आपल्याकडे मोयऱ्याची केळी आहेत, रसबाळी आहेत, सालदाटी आहेत; चतुर्थीच्या माटोळीला आपण ती कौतुकाने बांधतो. पण एरवी रस्त्याकाठच्या गाड्यावर जो पिवळा ढीग दिसतो तो बहुतांशी घाटापलीकडचाच असतो. आपली मासळी आणि देवगडचा हापूसही चाकांवरूनच बाहेर जातात. डिझेलचा दर वाढला की तो या प्रत्येक टोपलीत शिरतो, आणि गिऱ्हाईक मात्र भाजीवालीशी भांडते.

तुकईथडच्या परिसरातून दिल्लीकडे निघालेल्या एका दहाचाकी मालमोटारीचा हिशेब मांडून पाहू. अंतर सुमारे एक हजार किलोमीटर धरू. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर चालली तर अडीचशे लिटर डिझेल लागेल. २०२५ साली डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आगेमागे होते. म्हणजे जातानाचे इंधनच साडेबावीस हजारांचे झाले. गाडीत सोळा टन केळी असतील तर किलोमागे एक रुपया चाळीस पैसे. येताना माल मिळाला तर ठीक, नाही तर रिकाम्या गाडीचे सोळा-अठरा हजारांचे डिझेलही त्याच केळ्यांच्या माथी. मग किलोमागचा आकडा अडीच रुपयांवर जातो. टोल, टायर, चालक-क्लीनरचा पगार, विमा, गाडीचा हप्ता आणि ठिकठिकाणच्या नाक्यांवर द्यावयाची, कोणत्याही वहीत न लिहिली जाणारी रक्कम यात धरलेली नाही. बाजार चढा असताना हे अडीच रुपये कोणाला जाणवत नाहीत. पण केळ्यांचा भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याच्या हाती किलोला तीन-चार रुपयेही पडत नाहीत, आणि तेव्हा वाहतुकीचे इंधन हे शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी बरोबरी करू लागते. भाव कितीही पडला तरी पंपावरचा आकडा खाली येत नसतो. अशा वेळी कापणीचाही खर्च निघणार नाही म्हणून उभ्या बागेत जनावरे सोडल्याच्या बातम्या खानदेश-निमाडातून येतात, त्यांचे मूळ या अंकगणितात आहे.

केळी हा माल थांबणारा नव्हे. घड हिरवा असताना उतरवावा लागतो, तो तीन-चार दिवसांत दूरच्या बाजारी पोहोचून तेथल्या पिकवण्याच्या खोलीत जावा लागतो. उन्हाळ्यात निमाडचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. वाटेत एक दिवस अधिक गेला तर फण्या काळ्या पडतात आणि दलाल भाव पाडतो. पुढे विजेच्या गाडीचा विचार करताना ही घाई लक्षात ठेवावी लागेल.

मालवाहतुकीच्या खर्चात इंधनाचा वाटा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक असतो. या धंद्यातील बहुसंख्य मालक एक ते पाच गाड्यांचे धनी आहेत; पुष्कळांची तर एकच गाडी, आणि तिचा मालक तोच चालक. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या करारात डिझेल वाढले तर भाडे आपोआप वाढावे असे कलम असते. एका गाडीच्या मालकाला असे कलम कोण लिहून देणार? तो आडतियाच्या दारात उभा राहतो, जे भाडे सांगितले जाईल ते पत्करतो, कारण गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. डिझेल वाढले तर वाढीव भार प्रथम तो सोसतो, त्याच्याने सोसवेनासा झाला की तो शेतकऱ्याकडे सरकतो, आणि उरलासुरला तुमच्या-आमच्याकडे येतो.

या दराचा इतिहासही थोडा आठवून पाहण्यासारखा आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत चौपटीच्या घरात गेली. परकीय तेलावर संसार चालविणे म्हणजे काय, हे तेव्हा आपल्याला प्रथम कळले. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून दूर समुद्रात 'सागर सम्राट'ने तेलाचा शोध लावला आणि बॉम्बे हायने काही काळ दिलासा दिला. पण देशाची भूक वाढत गेली. आज आपल्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर बाजाराच्या हवाली करण्यात आले, २०१७ च्या जूनपासून ते रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली. दर बाजाराप्रमाणे चढतील आणि बाजाराप्रमाणे उतरतील, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. त्यातला चढण्याचा भाग खरा ठरला. २०२० च्या वसंतात साथीमुळे जगभर तेल मातीमोल झाले, तेव्हा केंद्र सरकारने मे महिन्यात डिझेलवरील अबकारी कर लिटरला तेरा रुपयांनी वाढवून ३१ रुपये ८३ पैशांवर नेला. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात दहा आणि २०२२ च्या मे महिन्यात सहा रुपये कमी झाले. २०२५ च्या एप्रिलात पुन्हा दोन रुपये चढविले, ते मात्र तेल कंपन्यांनी सोसले. यावर राज्याराज्यांचा मूल्यवर्धित कर निराळा. वस्तू व सेवा कराच्या कक्षेत डिझेल नाहीच, त्यामुळे त्यावर भरलेल्या कराची वजावटही मालमोटारवाल्याला मिळत नाही. सावंतवाडी-दोडामार्गचे लोक इंधन भरावयास गोव्याच्या हद्दीत का येतात हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. मध्य प्रदेशाच्या सीमेवरही हाच प्रकार आहे. चालक टाकीचा हिशेब मैलाच्या दगडावर नव्हे, राज्याच्या हद्दीवर करतो.

तेव्हा डिझेलवाचून चालणारी गाडी निघाली तर तिचे स्वागत सर्वांआधी तुकईथडने करावयास हवे. आणि खरे सांगावयाचे तर त्या गावाच्या भोवताली विजेला तोटा नाही. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर पुनासा येथे इंदिरा सागर धरण आहे; त्याची वीजनिर्मितीची क्षमता १,००० मेगावॅट. खाली ओंकारेश्वरला ५२० मेगावॅटचे दुसरे केंद्र आहे, आणि त्याच्याच जलाशयावर आता तरंगते सौर पट बसविले गेले आहेत. त्याच जिल्ह्यात २,५२० मेगावॅटचे श्री सिंगाजी औष्णिक केंद्र कोळशावर चालते. याच इंदिरा सागरासाठी २००४ साली हरसूद नावाचे आख्खे शहर पाण्याखाली गेले. ज्या निमाडने एवढी किंमत देऊन राज्याला वीज दिली, तेथील शेतमाल मात्र आखातातून आणलेल्या तेलावर दिल्लीला जातो! कोळशाची वीज स्वच्छ नव्हे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण ती निदान आपल्या भूमीतली आहे, तिचा दर होर्मुझच्या सामुद्रधुनीतल्या गडबडीने रातोरात बदलत नाही, आणि सौर पट वाढतील तसा तिच्यातील कोळशाचा अंश कमी करता येईल. डिझेलला ती सोय नाही.

विजेच्या गाडीचेही गणित मांडू. जड मालमोटारीला किलोमीटरमागे एक ते दीड युनिट वीज लागते. सव्वा युनिट धरले आणि चार्जिंगच्या केंद्रावर युनिटला दहा रुपये मोजले, तर किलोमीटरचा खर्च साडेबारा रुपये. डिझेलचा आपण वर साडेबावीस पाहिला. दर किलोमीटरमागे दहा रुपये वाचले, वर्षाला ऐंशी हजार किलोमीटर चाल झाली, तर आठ लाख रुपयांची बचत. शिवाय इंजिन ऑइल नको, गिअरबॉक्सची दुरुस्ती फारशी नको. हा आकडा कोणाही गाडीमालकाच्या तोंडाला पाणी सुटावे असाच आहे.

परंतु गाडीची किंमत? विजेची जड मालमोटार डिझेलच्या गाडीच्या दुप्पट ते तिप्पट किमतीला पडते. समजा डिझेलची गाडी चाळीस लाखांना आणि विजेची एक कोटी दहा लाखांना. फरक सत्तर लाखांचा. सरकारी साह्याचे नऊ-दहा लाख वजा केले तरी साठ लाख उरतात. त्यांवर बारा टक्क्यांनी व्याज धरले तर वर्षाचे सात लाख वीस हजार होतात. म्हणजे जे आठ लाख डिझेलमध्ये वाचले ते जवळजवळ सगळेच सावकाराच्या, किंवा आजच्या भाषेत वित्तकंपनीच्या, घशात गेले. मुद्दल तसेच राहिले. ज्याच्यापाशी स्वतःचे भांडवल आहे अथवा ज्याला आठ टक्क्यांनी कर्ज मिळते त्याचे गणित जमते. बऱ्हाणपूरच्या एका गाडीच्या मालकाला ना ते मिळते ना हे. तो तर बहुधा नवी गाडी घेतच नाही. मोठ्या कंपनीने पाच-सात वर्षे वापरून विकलेली गाडी घेतो. विजेच्या जुन्या गाड्यांचा बाजार अजून तयारच व्हावयाचा आहे, आणि सात वर्षांनी बॅटरीत किती जीव उरला असेल हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्यात पल्ल्याचा प्रश्न. आजच्या बहुतेक जड गाड्या एका भारणात दोनशे-तीनशे किलोमीटर जातात. दिल्लीच्या वाटेवर तीन-चार वेळा थांबावे लागेल, आणि प्रत्येक थांब्याला तास-दीड तास, क्वचित त्याहून अधिक. चालकाला जेवावयास व झोप काढावयास तेवढा वेळ तसाही हवा असतो, हे खरे. पण तेथे चार्जिंगची जागा मोकळी मिळाली पाहिजे आणि वीज असली पाहिजे. बॅटरीचेच वजन दोन टनांच्या पुढे जाते. तेवढी केळी कमी भरावी लागतात की काय, हाही विचार आहे. या अडचणी न सुटणाऱ्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. चीनमध्ये २०२५ साली विकल्या गेलेल्या नव्या जड मालमोटारींपैकी पाचांत एकीहून अधिक गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या. तेथे पुष्कळ ठिकाणी रिकामी बॅटरी काढून काही मिनिटांत भरलेली बसवितात. पूर्वी टपालाच्या घोड्यांची टप्प्याटप्प्यावर बदली होई, तसाच हा प्रकार. दहा वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर हसण्यावारी नेले गेले असते.

आपल्या सरकारनेही हातपाय हलविले आहेत, हे कबूल केले पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरात १०,९०० कोटी रुपयांची 'पीएम ई-ड्राइव्ह' योजना सुरू झाली. तीत विजेच्या मालमोटारींसाठी ५०० कोटी राखले गेले. २०२५ च्या जुलैत तिचे नियम जाहीर झाले. सुमारे ५,६०० गाड्यांना साह्य, एका गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये, आणि बॅटरीची पाच वर्षांची वा पाच लाख किलोमीटरांची हमी, अशी तिची रूपरेषा आहे. जुनी प्रदूषक गाडी मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र जोडणे आवश्यक. त्याच वर्षी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराने आपल्या आवारात विजेच्या जड गाड्यांचा ताफा उतरविला आणि बॅटरी बदलण्याचे केंद्रही उभे केले. वस्तू व सेवा कर विजेच्या गाडीला ५ टक्के, तर डिझेलच्या मालमोटारीला २०२५ च्या सप्टेंबरपासून १८ टक्के आहे. सुरुवात म्हणून हे सारे योग्यच आहे.

परंतु या सोयींचा लाभ कोणाला होणार, हा खरा प्रश्न आहे. बंदराच्या आवारातील गाडी दिवसभर त्याच दोन ठिकाणांमध्ये ये-जा करते. सिमेंटचा कारखाना, पोलादाचा कारखाना, कोळशाची खाण, येथेही अंतर ठरलेले, माल ठरलेला, भाडे ठरलेले. तेथे आपले चार्जिंग केंद्र आपणच उभारता येते, आणि मोठ्या कंपनीला बँक आपण होऊन कर्ज देते. ५,६०० गाड्या हा आकडा देशातील मालमोटारींच्या समुद्रात एक ओंजळ आहे, आणि ती ओंजळ अशा घरांतच रिकामी होईल. मध्य प्रदेशाने २०२५ साली विजेच्या वाहनांचे धोरण आखले, त्यात इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर आणि उज्जैन ही शहरे आदर्श म्हणून निवडली. बऱ्हाणपूरचे नाव त्यांत नाही. तुकईथडचे कोठून असणार? महाराष्ट्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना टोलमाफी दिली, तेव्हा विजेच्या मालमोटारी तीतून वगळण्यात आल्या. साहेबाच्या मोटारीला माफी आणि केळ्यांच्या गाडीला पावती, यामागचा तर्क आम्हांला उमगलेला नाही.

आमच्या वाचकांना या ठिकाणी स्वतःचाच अनुभव आठवावा. गोव्यात खनिजवाहू मालमोटारी कोणाच्या होत्या? सांगे, सत्तरी, डिचोली, केपे या तालुक्यांतील साध्या माणसांच्या. शेत पडीक ठेवून, दागिने गहाण टाकून, बँकेचे कर्ज काढून घराघरांनी गाडी घेतली होती. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केले. पुन्हा सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये त्या दुसऱ्यांदा बंद पडल्या. न्यायालयाच्या निर्णयाचे गुणदोष हा येथे विषय नाही. बेफाट उत्खननाला आळा बसणे जरूर होते, असे आम्ही तेव्हाही मानत होतो. परंतु त्या निर्णयाची झळ कोणाला किती लागली ते पाहावे. खाणमालक कोलमडले नाहीत. दारात उभ्या राहून गंजलेल्या गाड्या मात्र कित्येकांनी पाहिल्या, आणि त्या गाड्यांचे हप्ते फेडता फेडता घरे मेटाकुटीला आली. हेतू चांगला होता. पण त्याचे ओझे ज्याच्या खांद्यावर पडावयाचे होते त्याला कोणी आधी विचारले नव्हते.

आता लिलाव होऊन खाणी एकेक करून पुन्हा सुरू होत आहेत. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंतचे अंतर थोडे, मार्ग ठरलेला. विजेच्या मालमोटारीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. धूर गेला तर वाटेवरच्या गावांनाही ती हवीच आहे. पण उद्या खाणकंपन्यांनीच स्वतःचे विजेचे ताफे आणले, आणि सरकारने हिरव्या रंगाच्या कौतुकात त्यांना साह्यही दिले, तर डिचोलीच्या गाडीमालकाचे काय? बऱ्हाणपूरच्या गाडीमालकाचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहेत. वीज आली म्हणून धंद्यातून लहान माणूस उठला, तर डिझेल वाचल्याचे समाधान आम्हांला फारसे वाटणार नाही.

यावर उपाय म्हणून सगळ्यांना अनुदान द्या असे म्हणणे सोपे आहे, पण तिजोरीला तळ असतो. आमच्या मते साह्याचा भर गाडीच्या किमतीवर न ठेवता व्याजावर ठेवावा. वर मांडलेल्या हिशेबात बारा टक्क्यांऐवजी सहा टक्के धरून पाहा. वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक रक्कम मुद्दल फेडावयास मोकळी होते आणि आज अशक्य दिसणारी गाडी शक्यतेच्या टप्प्यात येते. कर्जाला सरकारची हमी मिळाली, गाडीमालकांच्या सहकारी संस्थांना बॅटरी भाड्याने घेता आली, तर तिचे ओझे एकट्याच्या डोक्यावर येणार नाही. सहकाराची परंपरा खानदेशात आहे, आपल्याकडेही आहे. तिचे बरेवाईट दोन्ही आम्ही पाहिले आहे. तरीही एकाने कोटीचे कर्ज काढण्यापेक्षा पन्नासांनी मिळून ते काढणे बरे.

आणि तुकईथडला विजेवरची मालवाहतूक पोहोचविण्याचा एक मार्ग तर कित्येक वर्षे गावातूनच गेलेला आहे. तुकईथड हे रेल्वेचे स्थानक आहे. अकोल्याहून खंडव्याला जाणारा मीटर गेजचा लोहमार्ग येथून जाई. धूळघाटाजवळ सातपुडा चढताना हा मार्ग स्वतःलाच ओलांडून वेटोळे घेई, आणि ते पाहण्यासाठी प्रवासी खिडक्यांशी गर्दी करीत. जयपूर आणि काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावली. उत्तर व दक्षिण यांना सांधणारा हा सरळ दुवा होता. २०१७ साली रुंदीकरणासाठी त्यावरील गाड्या बंद झाल्या. अकोला ते अकोट हा भाग २०२२ साली रुंद मार्गाने सुरू झाला; पुढचा भाग मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने वादात सापडला. वाघांच्या राज्यातून मार्ग नेऊ नये, बाहेरून न्यावा, अशी भूमिका उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र सरकारने घेतली होती. तसे केल्यास सुमारे तीस किलोमीटरांचा वळसा पडतो, पण जामोदच्या बाजूने येणारा तो वळसा शेतीच्या व दाट वस्तीच्या मुलखातून येऊन तुकईथडलाच जुन्या मार्गाला मिळतो. वाघ वाचतो आणि केळी-कापसाच्या गावांना स्थानके मिळतात. आम्ही या भूमिकेच्या बाजूचे आहोत. मात्र बाजू कोणतीही घ्या, वर्षानुवर्षे निर्णयाचा घोळ घालण्याला काय म्हणावे? त्या काळात जेवढा माल रेल्वेने गेला असता तेवढा मालमोटारींनी गेला, आणि त्यांच्या डिझेलचे पैसे त्या शेतकऱ्यांनी मोजले.

रेल्वेच्या मालगाडीला टनामागे लागणारी ऊर्जा मालमोटारीच्या कितीतरी कमी, आणि देशातील रुंद मार्ग आता जवळजवळ सर्व विजेवर आहेत. केळी रेल्वेने नेता येतात हे नव्याने सिद्ध करावयाचे नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, ती बऱ्हाणपूरला थांबे; फळे-भाज्यांच्या भाड्यात निम्मी सवलत होती. शेतकऱ्यांनी तिचा उपयोगही केला. पुढे त्या गाड्या टिकल्या नाहीत. सवलतीवर उभी केलेली आणि सवलतीबरोबर आटलेली ती योजना. नेहमीच्या मालडब्यांची, वेळेवर सुटणाऱ्या गाडीची आणि स्थानकावर चढ-उतार करणाऱ्या हमालांच्या सोयीची व्यवस्था झाली असती तर सवलतीवाचूनही तिला माल मिळाला असता. याच जिल्ह्यातील नेपानगरच्या कारखान्याचे पंडित नेहरूंनी १९५६ साली उद्घाटन केले, आणि आमच्यासारख्या वर्तमानपत्रांनी दीर्घकाळ तेथल्या कागदावर अग्रलेख छापले. तो कागद लोहमार्गानेच देशभर जात असे. तेव्हा कोणाला ते नवल वाटले नव्हते.

शेतापासून स्थानकापर्यंत गाडी लागणारच, असे कोणी म्हणेल. अवश्य लागेल. तीस-चाळीस किलोमीटरांची ती फेरी म्हणजे विजेच्या लहान मालगाडीचे हक्काचे क्षेत्र. आजच्या बॅटरीला ते अंतर मुळीच जड नाही, किंमतही आवाक्यातली, आणि रात्री घरच्या वीजजोडणीवर ती भरता येते. लांबचा पल्ला लोहमार्गाने आणि जवळचा पल्ला विजेच्या गाडीने, ही वाटणी झाली तर एक कोटीच्या गाडीची वाट पाहत बसावे लागणार नाही.

मालमोटार आणि रेल्वे यांचे वैर असलेच पाहिजे असेही नाही. हे आम्ही कोकणकाठच्या लोकांनी जगाला दाखविले आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे अशी मालासह मालमोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू केली. भरलेली गाडी डब्यावर चढते, चालक आपल्या केबिनमध्येच पाय पसरतो, घाटातल्या वळणांवर एक थेंब डिझेल न जाळता चारशेहून अधिक किलोमीटर पार होतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाला २०११ पासून किती मुहूर्त लाभले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सेवेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०२२ साली संपूर्ण कोकण रेल्वे विजेवर आली, तेव्हापासून तर डिझेलची ती गाडी तेवढ्या अंतरापुरती विजेवरच चालते. गाडीमालकाला नवी गाडी घ्यावी लागली नाही, बॅटरी घ्यावी लागली नाही, कर्ज काढावे लागले नाही.

रेल्वेमंत्रालयाने अकोट-खंडवा मार्गाचा उरलेला भाग मेळघाटाबाहेरून पुरा करण्याची तारीख जाहीर करावी, आणि तुकईथडच्या स्थानकात मालमोटारी चढविण्याचा उतार व मालधक्का आराखड्यातच धरावा. मार्ग झाल्यावर मागाहून ते बांधावयाचे म्हटले की दहा वर्षे जातात, हा आमचा कोकणचा अनुभव आहे. मध्य प्रदेश सरकारने बऱ्हाणपूरच्या मंडईच्या आवारात जड गाड्यांना पुरेल एवढ्या दाबाची वीजजोडणी द्यावी. गाड्या तेथे लिलावाची वाट पाहत तासन् तास उभ्याच असतात. केंद्राने 'पीएम ई-ड्राइव्ह'च्या मालमोटारींच्या निधीतील निश्चित हिस्सा पाचपेक्षा कमी गाड्या असलेल्या मालकांसाठी राखून ठेवावा. आणि आमच्या गोवा सरकारने, खाणीवरच्या पहिल्या विजेच्या मालमोटारीला हिरवा झेंडा दाखविण्यापूर्वी, ती कोणाच्या नावावर नोंदली आहे ते विचारून घ्यावे.